निदान : दुभंगलेल्या कण्याचा एक इतिहास

१

'निदान' हा शब्द मराठीत तीन अर्थांनी वावरतो. वैद्याच्या तोंडी तो रोगाची ओळख सांगतो. संस्कृताच्या वाटेने गेल्यास त्याचा अर्थ मूळ कारण असा होतो. 'माधवनिदान' या जुन्या वैद्यकग्रंथाच्या नावात हे दोन्ही अर्थ सुखाने एकत्र नांदताना दिसतात. आणि रोजच्या बोलण्यात 'निदान एवढे तरी करा' असे आपण म्हणतो, तेव्हा तोच शब्द 'किमान' या अर्थाने येतो. ज्याच्या खाली उतरू नये अशी मर्यादा तो आखून देतो. भाषेच्या ओघात एकत्र आलेल्या या तीन अर्थांना एका जन्मजात विकाराच्या इतिहासात मात्र फार दुरून एकमेकांकडे यावे लागले. ओळख सतराव्या शतकात पटली, कारणाचा एक धागा विसाव्या शतकात हाती लागला, आणि किमान काय केलेच पाहिजे याविषयीचा वाद अजून मिटलेला नाही. तो इतिहास येथे थोडक्यात सांगावयाचा आहे.

विकार असा. गर्भाच्या पाठीवर प्रथम पेशींची एक चपटी पट्टी असते. तिच्या दोन्ही कडा उचलल्या जातात, एकमेकींना भिडतात आणि करंजीच्या कडा दाबून बंद कराव्यात तशी ती मिटून तिची नळी होते. याच नळीतून पुढे मेंदू आणि मेरुरज्जू घडतात. गर्भधारणेनंतर सुमारे अठ्ठावीस दिवसांत हे काम संपते. म्हणजे पुष्कळदा आपण गरोदर आहोत हे स्त्रीला कळण्याच्याही आधी. या नळीचे खालचे टोक मिटायचे राहिले, तर त्या जागी मणक्यांच्या कमानीही जुळत नाहीत. मूल जन्मते तेव्हा त्याच्या पाठीवर, बहुधा कमरेच्या भागी, पातळ आवरणाची एक पिशवी दिसते आणि तीत मेरुरज्जूचा व मज्जातंतूंचा भाग उघडा पडलेला असतो. पाय लुळे असणे, लघवी व शौचावर ताबा नसणे आणि डोक्यात पाणी साचून डोके वाढत जाणे, हे त्याचे नेहमीचे परिणाम. विकार जितका वरच्या मणक्यांत, तितके पाय अधिक लुळे. याचा अगदी सौम्य प्रकार त्वचेखाली झाकलेला राहतो आणि कित्येकांना तो आपल्याला आहे हे जन्मभर कळतही नाही. आम्ही येथे बोलत आहोत ते उघड्या, गंभीर प्रकाराविषयी.

साहित्याच्या अभ्यासकांनी या वाटेला का जावे, असा प्रश्न कोणी विचारील. कुसुमाग्रजांची 'कणा' ही कविता ज्या भाषेत शाळकरी मुलांनाही ठाऊक असते, त्या भाषेत कण्याला हाडांपलीकडचा अर्थ आहे. ताठ कणा म्हणजे स्वाभिमान. कणा मोडणे म्हणजे उमेद खचणे. आणि एखाद्या लेखकाला 'कणाहीन' म्हणताना समीक्षकाची लेखणी क्षणभरही अडखळत नाही. रूपक इतके रुळले की त्याच्या मुळाशी असलेले शरीर दिसेनासे होते. दुसरे कारण याहून महत्त्वाचे आहे. नवजात बालकाच्या पाठीकडे पाहून डॉक्टर त्याच्या पुढील आयुष्याविषयी जे सांगतो, ते एका अर्थी चरित्रलेखन असते. नायक एक दिवसाचा असतो आणि चरित्र आधीच लिहून तयार होते. अशा चरित्रावर किती विसंबावे, हा वाचनाचाच प्रश्न आहे. आणि या विकाराच्या इतिहासात त्या प्रश्नावर जीव अवलंबून राहिले आहेत.

२

रेम्ब्रांटने १६३२ साली काढलेले 'डॉ. निकोलास टुल्प यांचा शरीररचनेचा पाठ' हे चित्र आमच्या पुष्कळ वाचकांनी पुस्तकांतून पाहिले असेल. द हेग येथील मॉरित्सहाउस संग्रहालयात ते आहे. काळ्या टोपीतले डॉक्टर उजव्या हातातील चिमट्याने प्रेताच्या उघड्या हातातील स्नायू उचलून धरतात, आणि त्या स्नायूंमुळे बोटे कशी वळतात हे आपल्याच डाव्या हाताने करून दाखवतात. हे टुल्प अ‍ॅम्स्टरडॅममधील नामांकित वैद्य होते आणि पुढे त्या शहराचे महापौरही झाले. त्यांनी पाहिलेल्या चमत्कारिक रुग्णांच्या नोंदींचा लॅटिन ग्रंथ १६४१ साली प्रथम प्रसिद्ध झाला. नवजात बालकांच्या या विकाराला 'स्पायना बायफिडा', म्हणजे दुभंगलेला कणा, हे नाव टुल्प यांच्याच नोंदींतून मिळाले. पावणेचारशेहून अधिक वर्षे वैद्यक तेच नाव वापरीत आहे.

टुल्प यांच्या निरीक्षणातील मर्म असे, की बालकाच्या पाठीवरची पिशवी हे केवळ साचलेले पाणी किंवा साधे गळू नव्हे, तिच्यात मज्जातंतू पसरलेले असतात, हे त्यांनी पाहिले. म्हणूनच ती फोडण्यापूर्वी शल्यवैद्याने दहादा विचार करावा असा त्यांचा इशारा होता. नाव देणारा माणूस हात आवरण्याचा सल्ला देतो, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. ओळख पटली होती, उपाय नव्हता, आणि उपाय नाही हे कबूल करण्याचा प्रामाणिकपणा त्यांच्याजवळ होता.

पुढची तीन शतके ज्ञान वाढत गेले आणि मुले मरत राहिली. इटलीत मोर्गान्यी यांनी १७६१ सालच्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथात पाठीवरची ही पिशवी आणि डोक्यात साचणारे पाणी यांचा संबंध दाखवून दिला. ग्लासगोच्या जेम्स मॉर्टन यांनी पिशवीत आयोडीन आणि ग्लिसरीन यांचे मिश्रण टोचून ती आकसवण्याची रीत १८७७ साली पुस्तकरूपाने मांडली. लंडनच्या क्लिनिकल सोसायटीने या विषयासाठी नेमलेल्या समितीचा अहवाल १८८५ साली आला. १८८६ मध्ये फॉन रेकलिंगहाउझेन यांनी विकाराच्या प्रकारांचे बारकाईने वर्गीकरण केले. १८९१ मध्ये प्राग येथे हान्स किआरी यांनी लहान मेंदूचा भाग कवटीच्या तळातून मानेत उतरलेला असतो, या रचनेचे वर्णन केले. ही सारी नावे आजही वैद्यकाच्या पाठ्यपुस्तकांत आहेत. परंतु यांपैकी बहुतेक ज्ञान शवविच्छेदनाच्या टेबलावर मिळालेले होते. पिशवी फुटली की जंतुसंसर्ग होई; न फुटली, किंवा शिवून टाकली, तर डोके वाढत जाई. पाठ बंद करावी तर डोक्याचे काय, हा पेच सुटल्याखेरीज उपचार या शब्दाला अर्थ येणार नव्हता.

३

तो पेच सोडवण्यात डॉक्टरांच्या बरोबरीने दोन बापांचा हात आहे. डोक्यातील जादा पाणी बारीक नळीने शरीरात दुसरीकडे वाहून न्यावे, ही कल्पना जुनी होती. अडचण झडपेची होती. पाणी एकाच दिशेने, बेताच्याच दाबाने वाहिले पाहिजे आणि नळी तुंबता कामा नये. फिलाडेल्फियात नल्सन आणि स्पिट्झ या शल्यवैद्यांनी १९४९ साली छोट्या चेंडूची झडप बसवून पाहिली होती, पण तिच्यावर समाधान मानता येत नव्हते. नोव्हेंबर १९५५ मध्ये जॉन होल्टर नावाच्या तंत्रज्ञाला दुभंगलेल्या कण्याचा मुलगा झाला. होल्टर कुलुपे बनविणाऱ्या एका कंपनीत कामाला होता. मुलाच्या डोक्यातील पाण्याविषयी स्पिट्झ यांच्याकडून ऐकल्यावर त्याने ती अडचण यंत्रज्ञाच्या नजरेने पाहिली आणि घरच्या कार्यशाळेत सिलिकोन रबराची फटीची झडप तयार केली. १९५६ साली ती माणसात बसविली गेली. होल्टरचा मुलगा बालपणीच गेला. झडप मात्र जगभर गेली.

दुसरा बाप आमच्या वाचकांच्या अधिक परिचयाचा आहे. लेखक रोआल्ड डाल यांच्या तान्ह्या मुलाला डिसेंबर १९६० मध्ये न्यूयॉर्कमध्ये मोटारीची धडक बसली आणि डोक्याच्या दुखापतीनंतर त्याच्याही मेंदूत पाणी साचू लागले. बसवलेली झडप वारंवार तुंबे. तेव्हा डाल यांनी विमानांच्या प्रतिकृतींसाठी इवले पंप बनविणारे स्टॅन्ले वेड आणि लंडनचे शल्यवैद्य केनेथ टिल यांना एकत्र आणले, आणि तिघांच्या नावाची झडप १९६२ मध्ये तयार झाली. तोवर डाल यांच्या मुलाला तिची गरज उरली नव्हती. दुसऱ्या हजारो मुलांना होती. हे मूल दुभंगलेल्या कण्याचे नव्हते. तरीही त्याची कथा याच इतिहासात येते, कारण पाठ शिवल्यावर मूल जगू शकते हा विश्वास या झडपांमुळेच आला.

४

हा विश्वास सर्वांत अधिक फुलला तो इंग्लंडमधील शेफील्ड येथे. तेथील बालरुग्णालयात झॅकरी, शॅरर्ड आणि लॉर्बर यांच्या गटाने अशी पाठ जन्मानंतर काही तासांत बंद करण्याचा पुरस्कार केला. तसे करण्याचा फायदा दाखवणारा त्यांचा तुलनात्मक अभ्यास १९६३ साली प्रसिद्ध झाला. जवळपास प्रत्येक बालकावर शस्त्रक्रिया होऊ लागली. जी मुले पूर्वी काही आठवड्यांत गेली असती ती आता वाढू लागली, आणि त्याबरोबर शस्त्रक्रियांच्या मालिका, मूत्रपिंडांचे विकार, पुनःपुन्हा तुंबणाऱ्या नळ्या आणि थकलेली कुटुंबेही दिसू लागली.

१९७१ साली जॉन लॉर्बर यांनी, कोणतीही निवड न करता उपचार केलेल्या ५२४ बालकांचा आढावा प्रसिद्ध केला. निष्कर्ष कठोर होता. पुष्कळ मुले गेली होती आणि जगलेल्यांपैकी पुष्कळांना गंभीर अपंगत्व होते. मग लॉर्बर यांनी पहिल्या दिवशी पाहता येतील अशी काही लक्षणे निश्चित केली: पायांचा गंभीर लुळेपणा, विकाराची वरची जागा, फार मोठे डोके, जन्मतःच वाकलेला कणा, आणि सोबत असलेले इतर मोठे जन्मदोष. ही लक्षणे असलेल्या बालकांवर उपचार करू नयेत असे त्यांनी सुचवले. उपचारांचा उत्साही पुरस्कर्ता निवडीचा पुरस्कर्ता झाला. ब्रिटनमध्ये अनेकांनी त्यांचा मार्ग स्वीकारला.

लॉर्बर क्रूर नव्हते. आपण केलेल्या उपचारांनी मुलांच्या वाट्याला दुःख आले, हे त्यांनी आकडे मांडून कबूल केले. असा कबुलीजबाब देणारे लोक कोणत्याही व्यवसायात थोडेच. तरीही त्यांच्या युक्तिवादातील एक सांधा आम्हांस तपासून पाहावासा वाटतो. ५२४ बालकांचे जे झाले ते १९५९ नंतरच्या दशकातील उपचारांनी झाले होते. त्यावरून १९७१ नंतर जन्मणाऱ्या मुलांचे काय होईल हे ठरवताना, उपचारांची त्या काळची मर्यादा मुलांच्या अंगी असलेला गुण समजली गेली.

हे केवळ तर्काने म्हणत नाही. लॉर्बर यांचा लेख आला त्याच्या पुढच्याच वर्षी, १९७२ मध्ये, अमेरिकेतील मिशिगन येथील जॅक लॅपिडीस यांनी मूत्राशय रिकामे करण्याची एक साधी रीत मांडली. दिवसातून काही वेळा स्वच्छ धुतलेली बारीक नळी घालून लघवी काढून टाकायची. नळी पूर्ण निर्जंतुक असलीच पाहिजे असेही नाही. मूत्राशय तुंबून न राहणे महत्त्वाचे. ही गोष्ट आई घरी करू शकते आणि मूल मोठे झाल्यावर स्वतः करू शकते. मूत्रपिंडे निकामी होणे हे मोठ्या होणाऱ्या या मुलांच्या मृत्यूचे एक प्रमुख कारण होते, आणि ते या साध्या नळीने पुष्कळसे टळू लागले. त्या ५२४ जणांच्या चरित्रांत हे प्रकरण नव्हते, कारण ते अजून लिहिले गेले नव्हते. पुढे ऐंशीच्या दशकात शिकागो येथे डेव्हिड मॅक्लोन यांच्या गटाने निवड न करता उपचार केलेल्या मुलांचे निष्कर्ष मांडले, तेव्हा जगलेल्यांपैकी बहुतेकांची बुद्धी सर्वसामान्य असल्याचे दिसले.

शेफील्डमध्येच झॅकरी हे लॉर्बर यांचे सहकारी निवडीच्या विरोधात उभे राहिले. 'उपचार न करणे' या शब्दांआड काय घडते, हे बोलून दाखवणाऱ्यांपैकी ते एक होते. निवडीतून वगळलेल्या बालकांना गुंगीचे औषध दिले जाई, आणि मागितले तर दूध द्यावे असा नियम असे. गुंगीत असलेले मूल रडून दूध मागत नाही. मृत्यूला मग नैसर्गिक म्हटले जाई. येथे भाषेने केलेले काम आमच्या वाचकांच्या नजरेतून सुटणार नाही.

इतिहासाचा आणखी एक पेच असा, की १९८० मध्ये याच लॉर्बर यांच्या संशोधनाने एका वेगळ्याच कारणाने खळबळ उडवली. शेफील्ड विद्यापीठाच्या एका विद्यार्थ्याच्या डोक्यात पाणी साचून मेंदूचा थर अतिशय पातळ झालेला होता. तरी त्याने गणितात प्रथम श्रेणीची पदवी मिळवली होती आणि त्याचे वागणे-बोलणे सर्वस्वी सामान्य होते. त्याला मेंदू जवळजवळ नाहीच, हे लॉर्बर यांचे विधान अतिशयोक्त असल्याची टीका झाली, आणि ती रास्त असावी. परंतु कवटीतील चित्र पाहून माणसाचे भविष्य वाचता येत नाही, याची साक्ष डोक्याच्या आकारावरून निवड सुचवणाऱ्यानेच द्यावी, हे विसरता येत नाही.

५

निवडीचा प्रश्न रुग्णालयाच्या भिंतींआड फार काळ राहिला नाही. ऑक्टोबर १९८३ मध्ये न्यूयॉर्क राज्यात दुभंगलेला कणा, डोक्यात पाणी आणि इतर दोष असलेली एक मुलगी जन्मली. कागदोपत्री तिला 'बेबी जेन डो' म्हटले गेले. डॉक्टरांनी रंगवलेले भविष्य ऐकून आईवडिलांनी शस्त्रक्रिया नाकारली आणि जखमेची निगा व प्रतिजैविके एवढेच उपचार स्वीकारले. त्यांच्याशी कसलाही संबंध नसलेला एक वकील न्यायालयात गेला; त्या राज्याच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने त्याची मागणी फेटाळली. केंद्र सरकारने मुलीचे वैद्यकीय कागद मागितले, तेही मिळाले नाहीत. पुढे १९८४ मध्ये बालकांच्या छळासंबंधीच्या कायद्यात दुरुस्ती होऊन नवजातांना उपचार नाकारण्याचा विषय त्यात आला, आणि अशा प्रसंगी केंद्राने हस्तक्षेप करण्यासाठी केलेले वेगळे नियम सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये रद्द केले. या सगळ्या वादात दोन्ही बाजूंनी मुलीचे आयुष्य कसे असेल हे ठामपणे सांगितले गेले. मुलगी जगली. तिच्या वाट्याला चाकांची खुर्ची आली. ती बोलू लागली, माणसांत मिसळू लागली. डॉक्टरांनी रंगवलेले चित्र खरे ठरले नाही.

टुल्प यांच्या देशातही हा प्रश्न परत आला. मार्च २००५ मध्ये नेदरलँड्सच्या ग्रोनिंगेन येथील फरहाखेन आणि साउअर या डॉक्टरांनी नवजातांचे आयुष्य हेतुपुरस्सर संपवण्याविषयीची एक कार्यपद्धती प्रसिद्ध केली. सरकारी वकिलांकडे त्याआधीच्या सात वर्षांत नोंदल्या गेलेल्या २२ प्रकरणांचा आधार तिच्यामागे होता, आणि ती सर्वच्या सर्व प्रकरणे दुभंगलेल्या कण्याच्या तीव्र प्रकाराची होती. या मुलांना होणाऱ्या यातना असह्य आणि उपायांपलीकडच्या आहेत, हा तिचा पाया. २००८ मध्ये रॉटरडॅमचे बालमेंदूशल्यवैद्य द योंग यांनी त्या पायालाच हात घातला. नवजातांच्या वेदना ओळखता व शमवता येतात, आणि ज्या यातना सांगितल्या जातात त्यांचा बराच भाग पुढील काळाविषयीच्या भाकिताचा आहे, असे त्यांचे म्हणणे. भविष्यातील दुःख वर्तमानकाळात लिहिले गेले होते. असह्य वेदना असलेल्या बालकाचे काय करावे, हा प्रश्न खराच आहे आणि त्याचे सोपे उत्तर आमच्यापाशी नाही. परंतु वेदना आणि वेदनेचे भाकीत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढे म्हणण्यास डॉक्टर असण्याची गरज नाही.

६

दरम्यान वाचनाची वेळच मागे सरकली होती. १९७२ साली एडिनबरा येथील ब्रॉक आणि सटक्लिफ यांनी गर्भजलातील एका प्रथिनाच्या वाढलेल्या प्रमाणावरून या जातीचे विकार जन्माआधी ओळखता येतात हे दाखवले. ध्वनिलहरींनी गर्भ पाहण्याचे तंत्र ग्लासगोच्या इयन डोनाल्ड यांच्या गटाने १९५८ मध्ये जगापुढे ठेवले होतेच. लंडनमध्ये स्टुअर्ट कॅम्बेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये त्या चित्रावरून दुभंगलेला कणा ओळखल्याचे प्रसिद्ध केले. १९८६ मध्ये निकोलाइडीस आणि सहकाऱ्यांनी दोन खुणा सांगितल्या, ज्यांची नावे ऐकून कोणत्याही काव्यविद्यार्थ्याचे कान टवकारतील. या विकारात गर्भाची कवटी पुढून आत दबून लिंबासारखी दिसते आणि लहान मेंदू मागे ओढला जाऊन केळ्यासारखा वाकतो. लिंबू आणि केळे. कण्यातली बारीक फट शोधण्यापेक्षा डोक्यातली ही दोन फळे ओळखणे सोपे, म्हणून जगभरचे डॉक्टर आज ती शोधतात.

येथे आपल्या राज्याचा संबंध येतो. गर्भजलाची तपासणी भारतात आली ती गर्भातील दोष ओळखण्यासाठी. पण थोड्याच काळात ती, आणि पुढे पडद्यावरचे ते चित्रही, मुलगी ओळखण्यासाठी वापरले जाऊ लागले. स्त्री-चळवळीच्या रेट्यामुळे महाराष्ट्राने १९८८ साली याविरुद्ध देशातला पहिला कायदा केला. केंद्राचा कायदा १९९४ चा. लिंग सांगणे गुन्हा ठरले, दोष सांगणे कर्तव्य राहिले. दोन्ही वाचनांना एका पारड्यात घालावे असे आम्ही म्हणत नाही. गर्भात गंभीर दोष दिसल्यावर काय करायचे, हा निर्णय ज्या स्त्रीच्या पोटात तो गर्भ आहे तिचाच असला पाहिजे. १९७१ च्या गर्भपात कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती होऊन, वैद्यकीय मंडळाने गर्भात मोठा दोष असल्याचे ठरवल्यास आठवड्यांची मर्यादा राहिली नाही, हे योग्यच झाले. प्रश्न आहे तो तिला काय सांगितले जाते याचा. पडद्यावर लिंबू आणि केळे दिसल्यानंतर तिच्यापुढे मांडले जाणारे चरित्र कोणत्या सालचे असते? १९७१ चे की आजचे?

आजच्या चरित्रात एक नवे प्रकरण आहे. गर्भाशयात असतानाच गर्भाची पाठ शिवण्याच्या शस्त्रक्रियेची अमेरिकेतील मोठी चाचणी २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. जन्मानंतर पाठ शिवलेल्या मुलांपैकी ८२ टक्क्यांना वर्षभरात डोक्यातील पाण्यासाठी नळीची गरज लागली. गर्भातच शिवलेल्यांत हे प्रमाण ४० टक्के होते. अडीच वर्षांच्या वयात आधाराविना चालणारी मुले दुपटीने अधिक होती. याची किंमतही त्याच चाचणीत नोंदली आहे: मुले फार लवकर जन्मली, आणि आईच्या गर्भाशयावरील व्रणाचा धोका तिला पुढच्या बाळंतपणांतही राहिला.

७

राहिले कारण. आपल्याकडे कारणाची कथा फार जुनी आहे. अष्टावक्राचे अंग आठ ठिकाणी वाकडे झाले, कारण गर्भात असताना त्याने वेदपठण करणाऱ्या पित्याची चूक काढली आणि पित्याने शाप दिला. लोकरूढीने पुढे दोष बापाकडून आईकडे वळवला. ग्रहणात गरोदर बाईने विळीला हात लावू नये, चिरू-कापू नये, नाहीतर मूल तसेच चिरलेले, फाटलेले जन्मेल, हा समज महाराष्ट्रात घरोघर पाळला गेला आहे. ज्या आईच्या मुलाची पाठ फाटलेली निघाली, तिला त्या ग्रहणाचा हिशेब किती वर्षे द्यावा लागला असेल, याची कल्पना करावी.

खऱ्या कारणाचा एक धागा मात्र मुंबईतच सापडला होता, आणि तो सापडला तेव्हा कोणाच्याही मनात कणा नव्हता. १९२८ साली ल्युसी विल्स ही इंग्रज संशोधक परळच्या हाफकिन संस्थेत आली. गिरणगावाच्या त्या परिसरात आणि शहरातल्या इतर गरीब वस्त्यांत गरोदर स्त्रियांना होणारा एक जीवघेणा पंडुरोग तिच्या अभ्यासाचा विषय होता. स्त्रियांचा निकृष्ट आहार आणि हा रोग यांचा संबंध तिने ताडला. प्राण्यांवर आणि मग रुग्णांवर प्रयोग करता करता तिला आढळले, की मार्माइट या यीस्टच्या स्वस्त अर्काने तो बरा होतो. तिचा लेख १९३१ साली प्रसिद्ध झाला. त्या अर्कातील अज्ञात घटकाला बराच काळ 'विल्स घटक' म्हटले जाई. १९४१ मध्ये अमेरिकेत तो पालकाच्या पानांतून वेगळा काढण्यात आला आणि पान या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्याचे नाव फोलिक आम्ल पडले. पुढे ते कृत्रिम रीतीने तयार करणाऱ्या लेडर्ली प्रयोगशाळेतील संशोधनाची धुरा यल्लाप्रगडा सुब्बाराव या भारतीय शास्त्रज्ञाकडे होती.

हा घटक आणि गर्भातील ती न मिटलेली नळी यांचा संबंध सुचवला तो इंग्लंडमधील हिबर्ड आणि स्मिथेल्स यांनी, १९६५ च्या सुमारास. स्मिथेल्स यांनी १९८० मध्ये, गर्भधारणेपूर्वीपासून जीवनसत्त्वे घेणाऱ्या स्त्रियांत हा विकार पुन्हा होण्याचे प्रमाण फार घटते असे दाखवले. चाचणी काटेकोर नव्हती अशी टीका झाली; पण तिच्यात निम्म्या स्त्रियांना नुसतीच खोटी गोळी देण्यास काही रुग्णालयांच्या नीतिसमित्यांनीच परवानगी नाकारली होती. अखेर ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने सात देशांतील ३३ केंद्रांत मोठी चाचणी घेतली. १९९१ मध्ये निष्कर्ष आला: पूर्वी असे मूल झालेल्या स्त्रियांनी रोज चार मिलिग्रॅम फोलिक आम्ल घेतल्यास पुनरावृत्तीचा धोका ७२ टक्क्यांनी कमी होतो. लाभ इतका स्पष्ट होता की चाचणी मुदतीआधी थांबवण्यात आली. १९९८ पासून अमेरिकेत धान्याच्या पिठात ते मिसळणे सक्तीचे झाले. पुढे अनेक देशांनी तेच केले.

पिठात का मिसळायचे? कारण पहिल्या अठ्ठावीस दिवसांचे आहे. दिवस गेल्याचे कळून बाई दवाखान्यात पोहोचते आणि तिला गोळ्यांची पाकिटे मिळतात, तोवर नळी मिटलेली असते किंवा मिटायची राहून गेलेली असते. गोळीवर विसंबले की उशिराचे खापर पुन्हा बाईच्या माथी फुटते. ग्रहणाची जागा गोळी घेते. भाकरी-पोळीतून आणि भातातून तो घटक सर्वांच्या ताटात गेला, तर दोष देण्यासाठी कोणी एक बाई शोधावी लागत नाही. सगळेच विकार याने टळत नाहीत. काहींची कारणे वेगळी आहेत. पण पुष्कळ टळतात, आणि ती युक्ती ज्या घटकावर उभी आहे त्याचा माग परळच्या एका प्रयोगशाळेत आणि मुंबईच्या कामगार स्त्रियांच्या रक्तात लागला होता. त्या स्त्रियांची नावे कोठे लिहिलेली नाहीत.

८

आता 'निदान' या शब्दाचा तिसरा अर्थ. या इतिहासात भाकिते पुनःपुन्हा चुकली, म्हणून प्रत्येक मुलावर प्रत्येक शस्त्रक्रिया व्हावी असा निष्कर्ष आम्ही काढीत नाही. शेफील्डच्या पहिल्या उत्साहानेही दुःख दिले होते. शिवाय आपल्या देशात अशा मुलाची पाठ वेळेवर शिवली जाणे, हे गाव आणि मोठे रुग्णालय यांतील अंतरावर अवलंबून असते. तरीही किमान काय, हे आता सांगता येते, आणि ते फार महाग नाही. एक स्वस्त जीवनसत्त्व. दिवसातून काही वेळा घालायची स्वच्छ नळी आणि ती घालायला शिकवणारी परिचारिका. डोक्यातील पाण्यासाठी झडप. होल्टरने जी घरी बनवली तिचीच स्वस्त भारतीय आवृत्ती लखनौचे शल्यवैद्य छाब्रा यांच्या नावाने उत्तर प्रदेशात शाहजहाँपूर येथे तयार होते. युगांडात तिची महागड्या परदेशी झडपेशी तुलना झाली, तेव्हा वर्षअखेरीच्या निकालांत लक्षणीय फरक आढळला नव्हता. आणि चाकांची खुर्ची जिच्या वर्गापर्यंत जाऊ शकते अशी शाळा.

या यादीत आम्ही आणखी एक गोष्ट घालू इच्छितो. पहिल्या दिवशी आईवडिलांना जे सांगितले जाते ते आजच्या ज्ञानाने सांगितले जावे, आणि जे ठाऊक नाही ते ठाऊक नाही असे म्हणावे. टुल्प यांनी पिशवीतले मज्जातंतू पाहिले आणि आपल्याला जे करता येत नाही ते स्पष्ट लिहून ठेवले. त्यांच्यानंतरच्या शतकांत वैद्यक पुष्कळ पुढे गेले. ज्या मुलांचे पुढे काहीच होणार नाही असे एकेकाळी लिहिले गेले, त्यांच्याहून वेगळी नसलेली कितीतरी माणसे आज प्रौढ आहेत. नोकरी करतात, संसार करतात, आणि लहानपणी सांभाळलेल्या बालरुग्णालयातून बाहेर पडल्यावर मोठ्यांच्या दवाखान्यात आपल्या विकाराची माहिती असलेला डॉक्टर सापडत नाही म्हणून त्रासतात. ही तक्रार करायला ती हयात आहेत. पुढच्या वेळी कोणाला 'कणाहीन' म्हणण्यासाठी लेखणी उचलताना त्यांची आठवण व्हावी, निदान एवढी तरी आमची आमच्या वाचकांकडून अपेक्षा आहे.